शट डाउन आणि रीस्टार्ट एकच नव्हे
कॉम्प्युटर रोज रात्री बंद करता, तरी सकाळी तो अडखळतोच? विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन केल्यावर सिस्टीम पूर्ण बंद होतच नाही. तिच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे कालची कुरबूर आजही तशीच! रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून प्रिंटर रुसला, वायफाय सापडेना, की आधी फाइल सेव्ह करून रीस्टार्ट करा. पॉवरचं बटण दाबून धरणं हा अगदी शेवटचा उपाय. स्क्रीन गोठली, माउसही हलेना, तरच. अपडेट चालू असताना तर त्या बटणाकडे बघूही नका.