जुन्या व्ही-एट गाडीसाठी फोर-बॅरल कार्ब्युरेटर: निवड आणि ट्यूनिंग

मराठवाड्यात जुनी अमेरिकन व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेली) गाडी चालती ठेवायची असेल, तर कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग) निवडताना आधी इंजिनाचे गणित मांडावे आणि कंपनीचे नाव नंतर पाहावे. इंजिनाला दर मिनिटाला किती घनफूट हवा लागते, हे सीएफएममध्ये मोजतात. घन इंचांतील क्षमतेला कमाल आरपीएमने गुणावे, 3456 ने भागावे आणि आलेल्या उत्तराचे 80 ते 85 टक्के धरावेत, कारण साध्या जुन्या इंजिनाचे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. शेव्हरोलेचे 283 घन इंचांचे इंजिन 5000 आरपीएमपर्यंत न्यायचे झाले, तरी हा आकडा 350 च्या आतच राहतो. त्यामुळे त्याला 390 ते 500 सीएफएमचा कार्ब्युरेटर पुरेसा होतो. मोठा घेतला की पिकअप वाढतो, या समजुतीने 750 चा बसवल्यास व्हेंच्युरीतील (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातील) हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत आणि रहदारीत गाडी अडखळत राहते.

जड आणि ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीसाठी चारपैकी मागचे दोन बॅरल (हवेचे मार्ग) व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, उघडणारा प्रकारच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा भाग) टू-बॅरलचा असेल, तर तोही बदलावा लागतो.

ट्यूनिंगपूर्वी प्लग, पॉइंटमधील (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणाऱ्या संपर्कांमधील) अंतर, इग्निशन टायमिंग आणि मॅनिफोल्डची हवागळती तपासून घ्यावी, कारण कार्ब्युरेटरच्या माथी मारलेले बरेच दोष तिथेच सापडतात. त्यानंतर बाऊलमधल्या (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या कपातल्या) तरंगत्या फ्लोटची पातळी पाहावी. पेट्रोलचा दाब साधारण 5 ते 6 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असावा. इंजिन पूर्ण तापल्यावर मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडावा. मिक्स्चरचे दोन्ही स्क्रू आधीच हलक्या हाताने बसवून दीड आटा उघडलेले असावेत. आता ते आळीपाळीने थोडे थोडे फिरवत गेजवरचा काटा सर्वांत वर नेऊन ठेवावा आणि मग आयडलिंग पुन्हा लावावे. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर थ्रॉटल आधीच जास्त उघडा राहिला आहे, असे समजावे. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर मरगळत असेल, तर कार्ब्युरेटरवरच्या ॲक्सिलरेटर पंपाच्या लिव्हरमधली ढिलाई काढावी. पायाची हालचाल होताच पेट्रोलची धार सुटली पाहिजे.

हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) त्याने मिश्रण सुमारे 8 टक्के पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, म्हणून मुख्य जेट एक-दोन क्रमांकांनी मोठा करून पाहावा आणि प्लगचा रंग फिकट तपकिरी येतो का, ते तपासावे. इथेनॉलला टिकणारे रबरी पाइप आणि गॅस्केट बसवण्यात कुचराई करू नये, कारण हा प्रश्न आगीचा आहे.

परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर जातो, तेव्हा इंजिन बंद केल्यावर बाऊलमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरते. कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर बसवावा, मात्र बोनेट बंद होते ना, हे आधी मोजावे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी. एवढे करूनही गरम गाडी सुरू होईना, तर ॲक्सिलरेटर वारंवार न मारता तळापर्यंत दाबून धरावा आणि इंजिन पकडेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा.