विहिरीच्या पाण्यातला पारा कसा तपासावा

पाण्यातल्या पाऱ्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यामुळे पाणी नितळ आहे यावर विसंबू नका, रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची अजैविक (म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या) पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००६ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेची ०.००२, भारताची ०.००१. इतकं बारीक मोजायला प्रयोगशाळाच लागते. नमुना देण्याआधी विचारून घ्या: एकूण, म्हणजे सगळ्या रूपांतला, पारा मोजता का, आणि कमीत कमी किती ओळखता येतो? तो आकडा मर्यादेच्या बराच खाली नसेल, तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.

नमुना पंपाजवळच्या नळाचा घ्या, फिल्टरच्या आधीचा. साठलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्या.

आता बाटली. हा टप्पा अंगवळणी पडायला मलाही वेळ लागला, म्हणून ‘घरातली कुठलीही स्वच्छ बाटली चालते’ असा सल्ला वाचला की संताप होतो. नाही चालत! पारा बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतो, थोडा वाफ होऊन उडून जातो. पाण्यात पारा असतो आणि अहवालात येत नाही. याहून घातक अहवाल नाही, कारण घरातले सगळे तेच पाणी निर्धास्तपणे पीत राहतात.

बाटली प्रयोगशाळेचीच घ्या, काचेची किंवा टेफ्लॉनची. पारा पाण्यातच धरून ठेवण्यासाठी तिच्या तळाशी बहुधा थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असतं. ते ओतू नका, बाटली विसळू नका, भरताना पाणी बाहेर सांडू देऊ नका. आम्ल गेलं की नमुना गेला. आम्ल दिसलं नाही तर ते कधी, कोण घालणार हे विचारा; स्वतः घालू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच. झाकणाच्या आत बोट लावू नका, ते जमिनीवरही ठेवू नका. पाणी गाळू नका, गाळाला चिकटलेला पाराही मोजला गेला पाहिजे. जमल्यास प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याचा कोरा नमुना तिथेच भरून सोबत द्या. त्यात पारा निघाला, तर दोष हाताळणीचा किंवा बाटलीचा.

आम्ल घातलेला नमुना साधारण २८ दिवस टिकतो, तरी त्याच दिवशी पाठवा.

अहवालात एकक बघा: १ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.००१ मिलिग्रॅम. पारा मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं लगेच थांबवा, दुसरा नमुना द्या. उकळणं हा उपाय नाही: पाणी आटतं, उरलेला पारा दाट होतो, काही वाफेबरोबर घरात पसरतो. शुद्धीकरण यंत्र बसवलंत, तर त्यातून आलेल्या पाण्याचा नमुनाही अशाच बाटलीत द्या.