मेटल डिटेक्टर घेताय? आधी नाणं पुरून बघा

बॉक्सवरच्या खोलीच्या आकड्यावर जाऊ नका. हवेत नाणं धरून केलेली टेस्ट आणि जमिनीतली टेस्ट यात बराच फरक पडतो, कारण मातीत लोह किंवा मीठ असलं की मशीन उगाच किरकिरतं. मी काय करतो, एकच नाणं १०, १५ आणि २० सेंटीमीटरवर पुरतो, बाजूला एक गंजका खिळा, आणि तुलना करायची दोन्ही मशीन त्याच जागी, ग्राउंड बॅलन्स (मातीचा सिग्नल दाबणारी सेटिंग) करून, एकाच वेगाने फिरवतो, जे खिळा सोडून नाणं नीट पकडेल ते भारी. मशीनची फ्रिक्वेन्सी लहान सोन्यासाठी जास्त किलोहर्ट्झ, खोल मोठ्या वस्तूंसाठी कमी.

टिकाऊपणात फसगत इथे होते: ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे बऱ्याचदा फक्त कॉइल (खालची गोल तबकडी), कंट्रोल बॉक्स (वरचा बटणं-स्क्रीनचा डबा) नाही! गॅरेट कंपनीची एस (ACE) सिरीज अशीच, मायनलॅब इक्विनॉक्स ८०० मात्र पूर्ण मशीन ३ मीटरपर्यंत चालतं. दांड्याचे लॉक आणि कॉइलची वायर पण हलवून बघा, आधी तेच ढिलं होतं.

वॉरंटीत वर्षं मोजण्याआधी विचारा, कॉइल आणि बॅटरी धरलीय का, रिपेअर कुठे होतं, पाठवायचा खर्च कोणाचा, आणि सेकंडहँड घेतलं तर वॉरंटी मिळते का. उत्तर लेखी घ्या.