क्लबात १६७०ची मोहीम कशी आखावी: वणी-दिंडोरीच्या निमित्ताने

मिनिएचर सैनिकांची एक लढाई टेबलावर मांडून खेळायची तर एक दुपार पुरते. एकमेकींत गुंतलेल्या लढायांच्या मोहिमेचं गणित वेगळं असतं. या रविवारी गमावलेले घोडे पुढच्या रविवारीही नसतात, थकलेली तुकडी थकलेलीच टेबलावर येते, त्यामुळे प्रत्येक निर्णय जपून घ्यावा लागतो. हा खेळ एकदा अनुभवला की सुट्या लढाया अपुऱ्या वाटू लागतात. नाशिककरांचं भाग्य असं की ज्या वाटांवर १६७०ची खरी मोहीम घडली त्या आपल्या दाराशी आहेत.

आधी मोहीम लहान करा

आमच्या क्लबाने पहिल्यांदा १६७० ते १६७२ ची सगळी बागलाण मोहीम घेतली होती. प्रत्येक किल्ला नकाशावर, वर्षभराचा खेळ. तिसऱ्या महिन्यात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी आली. दिंडोरी-पिंपळगावकडचे तिघे गडी येईनासे झाले, बाकीच्यांचा धागा तुटला आणि मोहीम तिथेच थांबली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण नियम चांगले होते आणि माणसंही जीव लावून खेळत होती.

दुसऱ्या वेळी फक्त पंधरवडा घेतला: ३ ऑक्टोबर १६७० ची सुरतेची दुसरी लूट ते १७ ऑक्टोबरची वणी-दिंडोरीची लढाई. शिवाजी महाराज लूट घेऊन मुल्हेरखालून बागलाणातून येत आहेत, बुऱ्हाणपूरकडून निघालेला मोगल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडला येऊन वाट अडवू पाहतोय. एकाला निसटायचंय, दुसऱ्याला अडवायचंय. नव्या माणसालाही दोन वाक्यांत समजतं. सहा लढाया, आठ रविवार, एवढाच आवाका ठेवा. दोन रविवार जास्तीचे धरले: एक पहिल्या बैठकीला, एक लग्नकार्य आणि आजारपणासाठी.

दिवस ठरवताना ऑक्टोबर आणि जानेवारी ते मार्च टाळा. छाटणी आणि काढणीत शेतकरी गडी मोकळा नसतो. त्या काळी फौजा पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला बाहेर पडत. आपल्याला मात्र आषाढ-श्रावणच सोयीचा.

नकाशा वाटांचा काढा

चौकोन आखून त्यावर डोंगर रंगवण्यात वेळ घालवू नका. सातमाळा रांग पूर्व-पश्चिम भिंतीसारखी उभी आहे आणि सैन्य जातं ते तिच्यातल्या खिंडींतून. म्हणून ठिकाणं गोलांनी दाखवा आणि वाटा रेघांनी: मुल्हेर, साल्हेर, कळवण, कांचना-मांचनाची खिंड, चांदवड, वणी, दिंडोरी, नाशिक, शिवाय कोकणात उतरणारे घाट. बारा-चौदा ठिकाणं पुरे. प्रत्येक रेघेवर अंतर कोसांत लिहा आणि दिवसाची चाल ठरवून टाका. आम्ही सड्या स्वारांना दहा कोस दिले, तोफा आणि बुणगे (सामान वाहणारे, न लढणारे लोक) सोबत असतील तर चार.

नकाशा करण्याआधी एक दिवस सगळ्यांनी मिळून चांदवडला जाऊन या. सकाळी निघून मिसळ खाऊन पुढे गेलात तरी दुपारपर्यंत रांग डोळ्यांखालून जाते. खिंड प्रत्यक्ष पाहिलेला गडी नकाशावर चुकीचा हट्ट धरत नाही.

फौज: रंगवून होईल तेवढीच

सभासदाच्या बखरीतली पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना इथे फार उपयोगी पडते: पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांची हजारी. म्हणजे एका हजारीत १,२५० स्वार. एक बेस (सैनिक चिकटवायची पट्टी) म्हणजे दोन जुमले धरले तर हजारी पाच बेसांची होते. १५ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांच्या मापात बेसवर तीन घोडेस्वार बसवा. चार हजारींचे वीस बेस, साठ घोडे; दोघांनी वाटून घेतले तर दोन महिन्यांत रंगवून होतात. २८ मिलिमीटरचे सैनिक देखणे असतात, पण एवढ्या मोठ्या मोहिमेला ते परवडत नाहीत, पैशाने आणि जागेनेही. या काळातले मराठा-मोगल सैनिक दुकानात सहज मिळत नाहीत. थ्री-डी प्रिंट करून घेतलेले चालतात, पाठीवरची ढाल आणि पागोटं नीट असलं म्हणजे झालं.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवा. महाराजांचा सैनिक टेबलावर मांडायचा नाही. त्यांची जागा भगव्या झेंड्याने दाखवायची आणि त्या झेंड्यावर फासे टाकायचे नाहीत. आमच्याकडे हा नियम एकमताने झाला. मोगल बाजू घेणाऱ्यालाही तितक्याच मानाने वागवा. दाऊदखान मन लावून खेळणारा माणूस मिळाला नाही तर मोहिमेत राम उरत नाही.

लुटीचे चिंचोके

आमच्या मोहिमेत सगळ्यात रंगलेला भाग हा. लूट म्हणून चाळीस चिंचोके घेतले आणि मराठा सरदारांनी (त्या बाजूच्या खेळाडूंनी) ते आपापल्या बेसांवर वाटून ठेवले. बेसवर एक चिंचोका असेल तर दिवसाची चाल एक कोस कमी, दोन असतील तर दोन. टाकून दिले की वेग परत मिळतो, पण टाकलेला चिंचोका शत्रूचा. घाटापर्यंत पोचलेले चिंचोके हाच मराठ्यांचा विजय. मोगलांच्या हाती लागलेले, तो त्यांचा.

खिंडीच्या तोंडाशी आमचा पिछाडीचा सरदार तीन चिंचोके तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसला होता. समोर मोगलांची आघाडी दोन वाटा ओलांडून आलेली. शेवटी त्याने दोन खाली ठेवले आणि एक परत बेसवर चढवला. त्या एकापायी त्याची तुकडी सापडली. फाशांनी होणाऱ्या हारजितीपेक्षा हा एक निर्णय आम्हा सगळ्यांना जास्त लक्षात राहिला आहे.

पंच आणि जासूद

एकाने पंच व्हायचं आणि लढायचं नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झने १८२४ साली मांडलेल्या युद्धखेळातही पंचच सगळं चालवायचा. सरदारांनी चिठ्ठी किंवा मेसेज पंचालाच द्यायचा. जासुदाला लागेल तेवढा वेळ मोजून पंच तो पुढे देईल. दोन सरदारांमध्ये आठ कोस असतील तर निरोप दुसऱ्या दिवशीच्या चालीत. परस्पर फोन झाला तर त्या बाजूची एक चाल जाते. प्रत्येक सरदाराने एक मुतालिक, म्हणजे बदली खेळाडू, नेमून ठेवावा. सरदार आला नाही तर मुतालिक खेळतो आणि खेळ अडत नाही.

इतिहासातल्या अडचणी पंचाने नियमात आणाव्यात. दाऊदखानाला मध्यरात्री खबर लागली आणि तो लगेच निघाला, पण चंद्र मावळल्यावर अंधारात फौज विस्कळीत झाली. आघाडीचा इखलासखान पहाटे टेकडीवर आला, समोर मराठे पाहिले आणि थोड्या लोकांनिशी तुटून पडला, जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. म्हणून आमच्याकडे रात्री कूच करायची मुभा आहे, पण प्रत्येक तुकडीसाठी फासा टाकावा लागतो. एक किंवा दोन पडले तर ती एक चाल उशिरा पोचते. साल्हेरच्या १६७२ च्या लढाईबद्दल सभासद लिहितो की धुरळ्याने तीन कोसांत आपलं-परकं ओळखू येईना. मोठी झुंज तीन फेऱ्यांपेक्षा लांबली की आम्ही कापसाचे बोळे टेबलावर पसरतो आणि त्यापलीकडच्या तुकडीला हुकूम देता येत नाही.

लढाईनंतरचा हिशेब

तिपटीहून जास्त फौज समोर असेल तर टेबल मांडूच नका. कमजोर बाजू एक बेस गमावून मागे सरते, एवढं लिहून पुढे चला. बाकी लढायांत पडलेल्या बेसांपैकी निम्मे पुढच्या रविवारी परत येतात: जखमी, पांगलेले, वाट चुकलेले. ज्याने मैदान राखलं त्याला एक जास्त. हिशेब त्याच संध्याकाळी वहीत उतरवा आणि दोन्ही सरदारांच्या सह्या घ्या. चार दिवसांनी आठवून लिहिलेल्या आकड्यांवरून आमच्याकडे वाद झाले आहेत.

पहिल्या रविवारी लढाई ठेवू नका. नकाशा पसरा, नियम मोठ्याने वाचा, मुतालिक नेमा, चिंचोके सगळ्यांसमोर मोजून मराठा बाजूच्या हाती द्या आणि पहिल्या कुचाची चिठ्ठी पंचाकडे घ्या.