मठातली चित्रं अभ्यासायची तर आधी नकाशा मागा

कलेतिहासाच्या एम.ए.ला रेनेसान्सचा (युरोपातल्या प्रबोधनकाळाचा) पेपर घेतला की सुरुवातीला सगळा वेळ यथार्थदर्शन (चित्रात खोली दाखवायची पद्धत) आणि छायाप्रकाशातच जातो. ते हवंच, पण ख्रिस्ती मठांसाठी काढलेल्या चित्रांपाशी तेवढ्यानं भागत नाही. मला वाट सापडली ती मठाचा नकाशा आणि दिनक्रम हाताशी घेतल्यावर. चित्र कोणत्या भिंतीवर, त्यापुढे कोण बसायचं आणि काय करत?

इटलीतल्या फ्लॉरेन्सचा सान मार्को हा मठ घ्या. तिथला धनाढ्य सावकार कोसिमो दे मेदिचीच्या पैशातून वास्तुकार मिकेलोझ्झोनं तो नव्यानं बांधला. 1438च्या आसपास तिथल्या खोल्याखोल्यांतून भित्तिचित्रं काढायला घेतली चित्रकार फ्रा आंजेलिकोनं. तो स्वतः डॉमिनिकन, म्हणजे संत डॉमिनिकच्या संन्यासी पंथातला, हाताखाली मदतनीस. जिना चढून वर आलं की समोरच मारियेला येशूच्या जन्माची वार्ता सांगणारा देवदूत, आणि खाली लॅटिनमध्ये ताकीद: इथून जाताना ‘नमो मारिया’ म्हणायला चुकू नका.

सातव्या खोलीत ख्रिस्ताची विटंबना आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला ख्रिस्त, भोवती मारणारे हात, थुंकणारं एक डोकं. बाकी धडं नाहीतच! खाली मारिया आणि पुस्तकात डोकं घातलेला संत डॉमिनिक. दोघंही वर बघत नाहीत. म्हणजे प्रसंग त्यांच्यापुढे घडत नाहीये, मनात चाललाय. खोलीतल्या मठवाशानंही तेच करायचं. नवदीक्षितांच्या खोल्यांत क्रूसापाशी डॉमिनिक निरनिराळ्या मुद्रांत दिसतो. प्रार्थनेत शरीर कसं ठेवायचं, याचा तो धडाच.

जोगिणींचे (ख्रिस्ती संन्यासिनींचे, म्हणजे नन्सचे) मठ अभ्यासक्रमात घाईनं उरकतात, याचा मला राग आहे. फ्लॉरेन्सची चित्रकर्ती प्लाउतिला नेल्ली स्वतः जोगीण. तिनं 1568च्या सुमारास आपल्या मठाच्या भोजनगृहासाठी सुमारे सात मीटर लांब ‘शेवटचं भोजन’ रंगवलं. टेबलावर लेट्यूस, शेंगा, आणि चादरीवर घडीच्या रेषासुद्धा. जेवताना बोलायचं नाही, धर्मग्रंथाचं वाचन ऐकायचं, असा मठांचा रिवाज. समोर हे दुसरं ताट मांडलेलं. सहीपाशी विनंती: चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा.

इटली लांब असेल तर जुन्या गोव्यात सान्ता मोनिका हा जोगिणींचा मठ बघून या. तो सतराव्या शतकातला, म्हणजे काळ पुढचा, पण जोगिणींच्या मठाची वास्तू कशी असते ते आत फिरल्यावर कळतं. ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही तिथेच आहे. आणि पुस्तकातले कापलेले फोटो टाळा. खोलीची खिडकी, दार, कमान दिसेल असाच फोटो टिपणवहीत लावा.