इतिहासकाराला भेटायला जाताना

आमचा एक पूर्वज पानिपतावर पडला, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ही हकीकत घेऊन मी एका ज्येष्ठ इतिहास-अभ्यासकांकडे गेलो होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शब्द विचारला, "कशावरून?" त्या शब्दात हेटाळणी अजिबात नव्हती. पुढचे दोन तास आम्ही त्या एका शब्दाभोवतीच बोलत होतो, आणि इतिहास म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. अशी भेट कुणालाही घेता येते. मात्र थोडी तयारी लागते.

१. प्रश्न लहान करा

"पानिपताबद्दल सांगा" असं म्हटलं की व्याख्यान ऐकायला मिळतं, संवाद होत नाही. सरांनी माझा प्रश्न कसा लहान केला ते सांगतो. तुमचं मूळ गाव कोणतं? तिथे पाटीलकी, कुलकर्ण असं काही वतन होतं का? पूर्वज कुणाच्या पथकात होता: शिंद्यांच्या, होळकरांच्या, विंचूरकरांच्या की आणखी कुणाच्या? मग म्हणाले, लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांना सरकारातून 'बालपरवेशी' म्हणून तरतूद मिळत असे. तेव्हा पूर्वजाचं नाव लढाईच्या वर्णनात शोधू नका, नंतरच्या वर्षांच्या हिशेबात शोधा.

पानिपतासारखा अफाट विषय "या गावच्या या घराला १७६१ नंतर बालपरवेशी मिळाली का?" एवढ्यावर आला. या प्रश्नाचं उत्तर कागदात सापडू शकतं.

२. घरचा अभ्यास आधी करा

जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचा. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने ती प्रसिद्ध केली आहेत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून वंशावळ लिहून काढा आणि नात्यातल्या बायकांना वगळू नका; आत्या आणि आजीकडून माहेर-सासरच्या गावांची जी नावं कळतात ती पुरुषांना बहुधा ठाऊक नसतात. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर हेळवी घरी येऊन वंशावळ वाचतात का ते विचारा. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही घराण्यांच्या नोंदी असतात. गावच्या देवळावर शिलालेख असेल तर त्याचा सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात.

३. योग्य माणूस शोधा

इतिहासकार म्हटला की त्याला सगळंच येत असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कुणाची मोडी पक्की असते, कुणाची फारसी, कुणी नाण्यांतला जाणकार असतो. गोव्याचा विषय असेल तर पोर्तुगीज कागदांशिवाय पान हलत नाही. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याच कागदांतून मराठ्यांचा केवढा तरी इतिहास बाहेर काढला.

थोरांनाही एकमेकांना विचारावंच लागे. जदुनाथ सरकार फारसीचे गाढे अभ्यासक, गोविंद सखाराम सरदेसाई मराठी कागदांचे. दोघांचा स्नेह १९०४ पासून पन्नासहून अधिक वर्षं टिकला, आणि पत्रांतून, भेटींतून ते एकमेकांची कसून तपासणी करत राहिले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, त्यामागेही या मैत्रीचं बळ होतं.

सुरुवात कुठून करायची? पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०), धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, विद्यापीठांतले इतिहास विभाग. आणि तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे प्राध्यापक विसरू नका. आपल्या पंचक्रोशीचा बारकावा पुष्कळदा त्यांनाच जास्त ठाऊक असतो.

४. पहिला निरोप

थेट फोन करण्याआधी चार ओळी लिहून पाठवा. उदाहरणार्थ: "सर, नमस्कार. मी अमुक गावचा. आमच्या घरी तीन मोडी कागद आहेत, फोटो सोबत जोडले आहेत. त्यांतला एक इनामाचा असावा असं वाटतं. आपल्या सवडीने अर्धा तास मिळाला तर भेटायला येईन." आठवडाभर वाट पाहा, मग एकदाच आठवण करा. सगळे कागद फुकट वाचून मिळतील असं गृहीत धरू नका. मोडी लिप्यंतर ही मेहनतीची विद्या आहे, मानधन किती ते आधीच मोकळेपणाने विचारा.

५. कागद जपून न्या

या बाबतीत मी हट्टी आहे, कारण चांगले कागद प्रेमापोटीच खराब झालेले मी पाहिले आहेत. लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. घडी जबरदस्तीने उलगडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पाठीमागची छोटी नोंद किंवा शेरा कधी कधी पुढच्या मजकुराइतकाच मोलाचा असतो. शिक्का आणि शेवटची मोर्तब (मजकूर संपल्याची मुद्रा) यांचे फोटो जवळून घ्या. रुमालात बांधलेले कागद असतील तर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवा. अस्सल कागद कुणाकडेही सोडून येऊ नका, कितीही विश्वास असला तरी.

६. बोलताना

सरांनी मला विचारलेला शब्द आपणही वापरायचा, अर्थात नम्रपणे: "सर, हे कशावरून ठरलं?" खरा अभ्यासक या प्रश्नाने रागावत नाही, खुलतो.

शिवजन्माच्या तारखेचंच पाहा. बखरींच्या आधारे बराच काळ शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ साल धरलं जाई. मग जेधे घराण्याची शकावली, म्हणजे शकवार टिपलेल्या घटनांची यादी मिळाली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. शिवकाळातल्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही तीच तिथी आली आहे, आणि जोधपूरला मिळालेल्या कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. वाद अनेक वर्षं चालला आणि २००१ मध्ये राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. दोन अभ्यासकांचं पटत नसेल तर कोण बरोबर असं विचारण्याऐवजी, दोघे कोणत्या कागदावर उभे आहेत आणि तो कागद घटनेच्या किती जवळचा आहे, ते विचारा.

कालगणनाही भेटीतच शिकून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण फाल्गुन इंग्रजी वर्ष बदलल्यावर येतो म्हणून तिथे ७९ मिळवावे लागतात. १५५१ चे १६३० होतात ते असे. मोडी कागदांत सुहूर सन, म्हणजे मराठी राज्यकारभारात चालणारी आणखी एक वर्षगणना, अरबी शब्दांत लिहितात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून जानेवारी १७६१ चं पानिपत याच सनात पडतं. सरांनी हे गणित पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं, तेव्हा आमच्या घरातल्या एका कागदाची ओळ मला पहिल्यांदा माझी मला वाचता आली. तो आनंद वेगळाच होता.

ध्वनिमुद्रण करायचं तर आधी परवानगी घ्या. "हे छापू नका" म्हणाले तर तो भाग खरोखर कुठेही टाकू नका, घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा. आणि आवडतं उत्तर त्यांच्या तोंडून काढून घेण्याचा प्रयत्न करू नका. "असं म्हणता येणार नाही" हेही उत्तरच आहे, ते तसंच लिहून घ्या.

७. भेटीनंतर

त्याच संध्याकाळी टिपणं नीट उतरवा, दोन दिवसांनी निम्मं विसरायला होतं. पानाचे तीन भाग पाडा: कागदाने सिद्ध झालेलं, सरांचा तर्क, आणि घरची आठवण. आमचा पानिपतावरचा पूर्वज आजही तिसऱ्या भागात आहे. बालपरवेशीचा कागद अजून सापडलेला नाही. पण इनामाच्या कागदावरून त्याच्या नातवाचं नाव आणि गाव पहिल्या भागात गेलं आहे.

लिप्यंतर पूर्ण झालं की त्याची एक स्वच्छ प्रत सरांना नेऊन द्या, कागदांच्या फोटोंसह. पुढच्या वेळी त्याच गावचा दुसरा कुणी त्यांच्याकडे आला, तर तुमचा कागद त्याच्या उपयोगी पडेल.