टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हातात आला? या चुका टाळा

"मामा, माझा निकाल लागला," म्हणत भाचा रिपोर्ट घेऊन आला. वय ३४, आकडा २४८, शेजारी 'लो'. मी विचारलं, रक्त कधी दिलंस? "ऑफिस सुटल्यावर, पाचच्या सुमारास."

पहिली चूक तिथेच. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तरुणांमध्ये हा उतार जास्तच. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यायचं. आता इंदुरात सकाळी उपाशी राहणं म्हणजे खरी परीक्षा, लॅबच्या वाटेवर पोहे-जिलबीचं दुकान लागतंच. पण साखर पोटात गेली की टेस्टोस्टेरॉन काही वेळ चांगलंच घसरतं. आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत दोन वाजवले असतील, तर ती अपुरी झोपही आकडा खाली ओढते. ताप वगैरे असेल तर बरं होऊन मगच जा.

भाच्याने पुढच्या आठवड्यात सकाळी रक्त दिलं, पण दुसऱ्या लॅबमध्ये. फोनवर रडवेला आवाज: "मामा, आता फक्त ४.१!" अरे बाबा, एकक बघ. पहिला रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, दुसरा प्रति मिलिलिटरमध्ये. शंभराने गुण, ४१० होतात. काही रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येतात, तिथे २८.८ ने गुणायचं. शक्यतो दोन्ही वेळा एकच लॅब ठेवा, हा गोंधळच होत नाही.

आकडा खरंच कमी आला तरी एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. वेगवेगळ्या दिवशी, दोन सकाळी तो कमी यायला हवा, आणि सोबत लक्षणंही हवीत. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशन ३०० च्या खाली कमी मानते, पण लॅबची स्वतःची रेंज वेगळी असू शकते. म्हणून २९० एकीकडे 'लो', दुसरीकडे नॉर्मल.

वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल, तर एकूण आकडा फसवा निघू शकतो. टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं 'एसएचबीजी' नावाचं प्रथिन अशा वेळी कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो. शरीराला मिळणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक असू शकतं. ते एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनावरून काढलेलं बरं. स्वस्तातल्या थेट 'फ्री टेस्टोस्टेरॉन' चाचणीवर माझा भरवसा नाही.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता? डॉक्टरांना आधी सांगा. काही पद्धतींच्या चाचण्यांत त्यामुळे आकडा खोटाच वाढलेला दिसतो.

कमतरता पक्की झाली की पुढची चाचणी एलएचची, म्हणजे वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणाऱ्या हार्मोनची. एलएच जास्त असेल तर दोष वृषणांत. कमी किंवा नॉर्मल असेल तर शोध एलएच बनवणाऱ्या, मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडे, मग तिचंच दुसरं हार्मोन प्रोलॅक्टिनही बघतात.

भाच्याला जिममधल्या कुणीतरी इंजेक्शन सुचवलंच होतं, तेही त्या संध्याकाळच्या २४८ वर. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पिट्यूटरी एलएच बनवणं आवरतं घेते, शुक्राणू घटतात, कधी शून्यावरही जातात. आणि भाचेसून गेले सहा महिने मुलासाठी डॉक्टरकडे खेपा घालते आहे. हे कळल्यावर भाचा बराच वेळ गप्प बसला, मग त्याने त्या जिमवाल्याचा नंबर फोनमधून काढून टाकला.